अध्यक्षांच्या हातचा नारळ

मी विसरत नाही. झालं गेलं गंगेला मिळालं, असं लोक म्हणतात. आमच्या अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत गंगा नाही, तळी आहेत, आणि ती सगळा हिवाळा गोठलेली असतात. त्यांत टाकलेलं वाहून जात नाही, वरच पडून राहतं. माझा मुलगा फुटबॉल खेळत खेळत कुठल्या कुठे पोचला ते मी सांगणार आहे, पण सुरुवात मैदानावरून करणार नाही. मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनापासून करणार आहे, कारण माझ्यापुरतं ते तिथे सुरू झालं.

स्नेहसंमेलन दर जूनमध्ये असतं. शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घ्यायचं, लेझीम, एखादं नाटुकलं, आणि मग त्या वर्षी कॉलेजला निघालेल्या मुलांचा सत्कार. शाल, नारळ आणि अध्यक्षांची पाठीवर थाप. अध्यक्ष म्हणजे वर्षानुवर्षं तेच एक गृहस्थ. निवडणूक जाहीर होते, पण दुसरं कुणी उभंच राहत नाही. मोठ्या कंपनीत मोठा हुद्दा, भरदार आवाज, माईक हातात आला की सोडवत नाही. आम्हा सगळ्या बायकांना ते वहिनी म्हणतात, आणि आमची सगळी मुलं त्यांना काका म्हणतात.

त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा एकाच वर्गात होते. त्यांचा ॲन आर्बरच्या नावाजलेल्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला निघाला होता. माझा निघाला होता मिनेसोटाच्या दक्षिण टोकाला, मक्याच्या शेतांमधल्या एका चिमुकल्या कॉलेजात, कारण त्या कॉलेजने त्याला फुटबॉलच्या टीममध्ये घेतलं होतं आणि दुसऱ्या कुणी घेतलं नव्हतं. इथला फुटबॉल म्हणजे एकाने लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवं करायचं. माझा मुलगा आडवं करणाऱ्यांतला. सगळ्यांच्या मागे एकटा उभा असतो, त्या जागेला सेफ्टी म्हणतात. पुढचे सगळे चुकले की हा उरतो, आणि याच्या मागे फक्त गवत.

अकोल्याला माझ्या मामीला मी फोनवर म्हटलं होतं, तो डिफेन्समध्ये आहे. मामीने गल्लीभर सांगून टाकलं की नातू डिफेन्समध्ये गेला. दोन दिवसांनी मामाचा फोन, "अगं, पण त्यांच्या का आपल्या?" मग मी सगळा खेळ समजावून सांगितला, तरी गल्ली कसली ऐकते. तिथले एक निवृत्त सुभेदार अजून त्याची खुशाली विचारतात आणि बॉर्डर कुठली म्हणून चौकशी करतात. मला त्याचं काही वाटत नाही. निदान तिथे कुणी हसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्याला कुर्ता घालायला लावला होता. खांद्यांत बसत नव्हता, तरी. मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, कॉलेजला जाणाऱ्या सर्व मुलांचा सत्कार. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, मुलं लाजत वर जात होती, आया फोन वर धरून फोटो काढत होत्या. शेवटचं नाव झालं. माझा मुलगा पहिल्या रांगेत, हात गुडघ्यांवर ठेवून, तसाच बसलेला. मी उठून स्टेजच्या पायरीपाशी गेले आणि हळूच म्हटलं, एक नाव राहिलंय. अध्यक्षांनी माईक तोंडापासून जेमतेम वीतभर लांब नेला.

"अहो वहिनी, हा ॲकॅडमिक सत्कार आहे ना. धडका मारायला कॉलेजात जाणं म्हणजे... आणि नारळ पण मोजूनच आणलेत."

माईक चालूच होता. पुढच्या रांगा हसल्या. हसू ऐकून त्यांना आणखी चेव आला आणि त्यांनी माईक पुन्हा तोंडाशी धरला. "पण आपल्या पैलवानाला विसरून कसं चालेल! ये रे बाळा. जेवणाची टेबलं लावायचीत, जरा खुर्च्या उचल. हे काम तुझ्याशिवाय कोण करणार? एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ दे!"

टाळ्या झाल्या. मुलगा उठला, कुर्त्याच्या बाह्या वर सरकवल्या आणि दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या घेऊन भिंतीकडे चालू लागला. शाल पांघरलेली मुलं एका बाजूला फोटो काढत होती. माझा नवरा बुटाच्या टोकाकडे बघत होता. मी मुलाजवळ गेले, तर तो म्हणाला, "आई, इट्स फाइन. दे आर जस्ट चेअर्स."

फाइन त्याच्यासाठी असेल. मी घरी येऊन फ्रीझर उघडला, त्यातली किसलेल्या नारळाची पाकिटं काढली आणि कचऱ्यात टाकली. नवऱ्याला सांगितलं, त्या माणसाच्या हातून, त्याच हॉलमध्ये, त्याच माईकवर माझ्या मुलाला नारळ मिळेल, तोपर्यंत ह्या घरात नारळ येणार नाही. नवरा मालवणचा. त्याला नारळाशिवाय घास उतरत नाही. तो बराच वेळ बंद फ्रीझरकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "सुकं खोबरं चालेल का?"

नाही म्हटलं.

मी अकोल्याची. शेंगदाण्याचं कूट, तीळ, खसखस यांच्यावर माझं छान भागतं. त्याचे हाल झाले. माशांचं कालवण नुसत्या चिंचेवर, गणपतीला उकडीच्या मोदकांऐवजी खव्याचे. ओळखीच्या एका काकूंनी विचारलं, कोलेस्टेरॉल का? मी म्हटलं, हो, वाढलंय, पण एका वेगळ्याच माणसाचं. त्यांना कळलं नाही.

मुलगा कॉलेजला गेला. मैदान म्हणजे एका बाजूला लोखंडी बाकं, दुसऱ्या बाजूला मका. कोच हिवाळ्यात तिथेच इतिहास शिकवायचे. दर शनिवारी आम्ही दोघं गाडी काढून जायचो. ऑक्टोबरपर्यंत बरं असायचं, पुढे पायाची बोटं आपली आहेत की नाहीत ते कळायचं नाही. सुरुवातीला तो खेळायचाच नाही, कडेला हेल्मेट धरून उभा. घरी जाताना नवरा म्हणायचा, जाऊ दे, डिग्री तर मिळतेय. मी म्हणायचे, तू गाडी चालव.

मॅचच्या आदल्या दिवशी मी मुलाला फोन करायचे. बाकीच्या आया काळजी घे म्हणायच्या. मी म्हणायचे, खुर्च्या आठवतात ना? तो म्हणायचा, "आई, स्टॉप. नोबडी रिमेंबर्स दॅट." मला राग यायचा. मला वाटायचं, जखम याची आणि खपली मी सांभाळतेय.

दुसऱ्या वर्षी त्याला जागा मिळाली, आणि एकदा मिळाल्यावर त्याने ती कुणाला दिली नाही. तो फार उंच नाही, फार जाडही नाही, पण तो घाई करत नाही. समोरून बैलासारखा गडी धावत येतोय आणि हा जागेवर, गुडघे वाकवून, बघतोय. शेवटच्या क्षणी खाली जातो आणि त्या गड्याचे पाय उचलतो. माझ्या आईच्या भाषेत सांगायचं तर माणूस आडवा. एकदा मॅच संपल्यावर कोच आमच्याकडे आले आणि मला विचारलं, तुमच्या मुलाचा कुणावर राग आहे का? मी म्हटलं, त्याचा नाही, माझा आहे. ते हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

चौथं वर्ष संपलं आणि मोठ्या लीगची गोष्ट निघाली. लहान कॉलेजातून तिथे जवळजवळ कुणी जात नाही. वसंतात एका मोठ्या विद्यापीठाच्या मैदानावर संघांची माणसं स्टॉपवॉच घेऊन जमतात, आणि आसपासच्या लहान कॉलेजच्या मुलांना उपकार केल्यासारखं शेवटी पळू देतात. माझा मुलगा पळला. मग सगळे संघ तीन दिवस नावं पुकारून नवे खेळाडू निवडतात, त्यात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. ते संपल्यावर दक्षिणेतल्या एका संघाचा फोन आला, कॅम्पला ये, बघू. नवऱ्याने हात जोडले. मी कॅलेंडर बघितलं. संघ पक्का होणार होता ऑगस्टच्या शेवटी, आणि त्यानंतर लगेच गणपती.

बातमी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. अध्यक्षांनीच ग्रुपवर टाकलं, आपल्या ईडन प्रेरीचा हिरा, गणपतीत जाहीर सत्कार. हिरा! मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "या वर्षी उकडीचे करशील?"

केले नाहीत. कॅम्पमध्ये शेवटच्या दिवशी सकाळी एक माणूस खोलीच्या दारात येतो आणि सांगतो, कोचनी बोलावलंय, टॅबलेट घेऊन ये. टॅबलेटमध्ये संघाचे सगळे डाव असतात, तो परत घ्यायचा असतो. म्हणजे संपलं. तो माणूस माझ्या मुलाच्या दारात आला. दुसऱ्या दिवशी मुलगा घरी होता, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून थालीपीठ खात होता. बॅग दारातच पडलेली. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. माझे हात पिठाचे, म्हणून मी स्पीकरवर घेतला.

"वहिनी, ऐकलं ते खरं का? नारळ दिला म्हणे त्याला?" आणि मग ते हसले. "आम्ही देणार होतो, त्यांनी आधीच दिला! बरं, ते गणपतीतलं मी कॅन्सल केलंय हं. वाईट वाटून घेऊ नका. त्याला म्हणावं, आता काहीतरी धड कर."

मी फोन बंद केला. थालीपीठ तव्यावर करपत होतं. मुलाने विचारलं, "आई, व्हॉट्स नारळ दिला?"

"कामावरून काढलं की म्हणतात. नारळ दिला. हातात नारळ देऊन वाटेला लावलं."

"बट नारळ इज द प्राइज. दॅट थिंग विथ द शाल."

"तोही नारळच. दोन्हीला नारळच."

तो घास चावत राहिला. मग म्हणाला, "सो हाऊ डू यू नो विच वन यू गॉट?"

मी म्हटलं, "देणाऱ्याचं तोंड बघून कळतं." उठून त्याने करपलेलं थालीपीठ स्वतःच्या ताटात घेतलं. मला त्या माणसाचं नरडं धरावंसं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, तसंच्या तसं वाटत होतं, दोन्ही हातांनी.

तो सप्टेंबर वाईट गेला. मुलगा सकाळी शाळेच्या मैदानावर एकटाच पळायचा. मी गणपतीला मंडळात गेले नाही. लोक भेटले की मान तिरकी करून विचारायचे, मग आता काय प्लॅन? त्यांची सहानुभूती मी डोक्यात नीट घड्या घालून ठेवली.

ऑक्टोबरात दुसऱ्या एका संघाने त्याला सरावापुरतं घेतलं. म्हणजे आठवडाभर खऱ्या खेळाडूंच्या धडका खायच्या आणि मॅचच्या दिवशी साध्या कपड्यांत उभं राहायचं. डिसेंबरात त्यांचे दोन सेफ्टी एकापाठोपाठ जायबंदी झाले. शनिवारी त्याचा फोन आला, "आई, टीव्ही लाव उद्या." एवढंच. खुर्च्यांचं मी त्या दिवशी विसरले नाही, पण बोललेही नाही.

रविवारी नवरा सोफ्यावर बसायलाच तयार नव्हता. तिसऱ्या टप्प्यात मुलगा मैदानात आला. थोड्या वेळाने समोरच्या संघाचा एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन सुटला, एकाला झटकलं, दुसऱ्याला झटकलं, आणि पुढे कुणी नाही. फक्त माझा मुलगा आणि गवत. तो हलला नाही. मी ओरडले, "अरे धाव!" तो हलला नाही. गुडघे वाकवून बघत राहिला, आणि मग खाली गेला, आणि तो गडी हवेत पाय करून आपटला. समालोचकाने आमच्या आडनावाची पार चटणी केली, पण दोनदा घेतलं. नवरा रडत होता. मी रडले नाही. मी त्या धडकेचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि अध्यक्षांनी तो बघितला की नाही, ते बघत बसले. बघितला होता. उत्तर दिलं नव्हतं.

उरलेल्या सगळ्या मॅच तो खेळला, आणि संघाने त्याला पुढच्या वर्षासाठीही ठेवून घेतलं. एप्रिलमध्ये अध्यक्षांचा फोन आला. आवाजात तूप. "वहिनी, जूनमध्ये आपल्या हिऱ्याला आणायचंच. मी स्वतः सत्कार करणार. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो."

मी म्हटलं, "हो ना भाऊजी. तुमच्याच हातून व्हायला हवा."

दोन महिने मी भाषण तयार करत होते. गाडीत, आंघोळीत, भाजी चिरताना. आईचे दोन शब्द म्हणून माईक मागायचा आणि त्या संध्याकाळचं वाक्य न् वाक्य त्याच हॉलमध्ये वाचून दाखवायचं, टाळ्यांसकट. मुलाला मी यातलं काही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बोल काय ते. पण नारळ आपण घरी आणायचा ना?"

जून आला. तेच कॅफेटेरिया, त्याच घडीच्या खुर्च्या. मुलगा आला तर पोरांची झुंबड. ह्या खेपेला कुर्ता नवा होता. अध्यक्षांनी माईक घेतला आणि मेहनत, जिद्द, संस्कार, मंडळाचा वाटा यांवर बोलले. मग त्याला वर बोलावलं. शाल घातली, पाठीवर थाप मारली, आणि नारळ त्याच्या हातात ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर तो क्षण इतक्या वेळा येऊन गेला होता की खरा आला तेव्हा मी ते तोंडपाठ भाषण घेऊन नुसती बघत राहिले. फोटो निघाले. अध्यक्ष म्हणाले, "दोन शब्द बोल रे बाळा. इंग्लिशमध्ये चालेल."

मुलाने माईक घेतला. "नाही काका. मराठी."

हॉल कौतुकाने हसला.

"थँक यू काका. पण मला नारळ लास्ट इयर मिळाला. ऑगस्टमध्ये. आता परत नको." तो नारळाकडे बघत सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत बोलत होता. "तुम्ही खूप वर्षं प्रेसिडेंट आहात. खूप काम केलं. म्हणून आज मी, सगळ्यांकडून, काका, तुम्हाला नारळ."

आणि त्याने तो नारळ दोन्ही हातांनी अध्यक्षांच्या हातात दिला, आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मिळाला रे मिळाला, अध्यक्षांना नारळ मिळाला!" आणि हॉल फुटला. लोक एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टेकून हसत होते. लेझीमवाल्या मुली हसत होत्या. माझ्या शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "किती गोड गं! बिचाऱ्याचं मराठी कच्चं, अर्थ माहीत नाही त्याला." मी म्हटलं, "हो ना." अध्यक्षांनाही हसावं लागलं. दुसरं करणार काय? पाया पडलेल्या मुलावर रागावता येत नाही. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे बघितलं, आणि माझं तोंड बघून त्यांना कळलं की नारळ कुठला आहे.

नवरा मात्र घाबराघुबरा झाला होता. "अगं, त्याने परत दिला," तो कुजबुजला. "आपला नारळ परत दिला."

मुलगा खाली येऊन माझ्या शेजारी बसला आणि कानाशी म्हणाला, "आई, करेक्ट बोललो ना?"

"एक चूक केलीस," मी म्हटलं. "नुसतं तुम्हाला नारळ नाही. तुम्हाला नारळ दिला."

"दिला," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला सगळं आठवतं, आई. द मायक्रोफोन. द टाळ्या. यू थॉट आय डिडन्ट अंडरस्टँड." मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझं भाषण करायचं राहिलं, आणि त्याचं मला आजपर्यंत दुःख नाही.

जेवणं झाली. पोरांनी फोटो काढून घेतले आणि उद्या काम म्हणत माणसं भराभर पांगली. शाळेचा रखवालदार दारात किल्ल्या वाजवत उभा राहिला. हॉल वेळेत मोकळा करून द्यायचा होता आणि खुर्च्या सगळ्या तशाच पसरलेल्या. स्वयंसेवक मुलं केव्हाच निघून गेली होती. अध्यक्षांनी नारळ टेबलावर ठेवला, जाकीट काढलं, बाह्या वर सरकवल्या आणि पहिली खुर्ची मिटली.

माझा मुलगा सवयीने उठला. मी त्याचं मनगट धरलं.

"बस," म्हटलं.

"आई, ही इज ओल्ड."

"बस."

तो बसला. नवरा गाडी काढायला गेला. आम्ही दोघं हॉलच्या मधोमध बसून राहिलो, आणि अध्यक्ष एकेक खुर्ची मिटून भिंतीला लावत आमच्या दिशेने येत गेले. शेवटी दोनच खुर्च्या उरल्या. त्यांवर आम्ही बसलो होतो. ते समोर येऊन उभे राहिले, घामाघूम, आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत त्यांना आणखी थोडा वेळ उभं ठेवलं.